मागचे उत्तर ध्यानी ठेवणारी प्रश्नावली

घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाच्या हातातील छापील पत्रकावर एक सूचना वरचेवर आढळे : ‘उत्तर नाही असे आल्यास पुढील तीन प्रश्न सोडावेत.’ ज्या घरी शेतीच नाही, तेथे बैलांची संख्या विचारण्यात हशील नाही, एवढाच तिचा अर्थ. सूचना साधी खरी. परंतु ती पाळण्याचा सर्व भार माणसावर असे. दिवसभर उन्हातून हिंडलेला प्रगणक एखादे वेळी भलत्याच प्रश्नावर उडी घेई. ती चूक पत्रके कचेरीत तपासली जात तेव्हा उघडकीस येई, आणि तोपर्यंत ते घर कितीतरी कोस मागे राहिलेले असे.

हा भार पुढे संगणकाने उचलला. नेदरलँड्सच्या सांख्यिकी संस्थेने १९८६ मध्ये ‘ब्लेझ’ नावाची प्रणाली प्रचारात आणली. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल याचे ते नाव. अशा प्रणालीत प्रत्येक उत्तर नोंदले जाताच पुढची वाट ठरते व गैरलागू प्रश्न पडद्यावर येतच नाहीत. आज ऑनलाईन अर्ज भरणाऱ्याला याचे नवल वाटत नाही.

तथापि माणूस कधी कधी मागे वळतो. ‘मुले किती?’ या प्रश्नाला कोणी ‘दोन’ असे उत्तर दिले, दोघांची वये व इयत्ताही भरल्या, आणि मग त्याच्या ध्यानात आले की दुसरा मुलगा आपला नव्हे, शिक्षणासाठी राहिलेला भाचा आहे. दोनाचा एक झाला. पण दुसऱ्याविषयी भरलेल्या उत्तरांचे काय करावयाचे? ती तशीच ठेवली तर नसलेले मूल गणनेत शिरते. पुसून टाकली आणि ही दुरुस्तीच चुकीची निघाली, तर सर्व श्रम वाया जातात. म्हणून जाणता रचनाकार ती बाजूस ठेवतो, हिशेबात मात्र चालू वाटेवरचीच उत्तरे घेतो.

आधीच्या उत्तराने प्रश्नाची वाट बदलते, तसे त्याचे शब्दही बदलतात. गावाचे नाव एकदा लिहिले की पुढील प्रश्नात ते आपोआप गुंफले जाते. इंग्रजीत या कामी रिकाम्या जागी नाव ठेवले की बहुधा भागते. मराठीत तेवढ्याने भागत नाही. ‘पुणे’ या नामाचे ‘पुण्यात’ होते, ‘सातारा’चे ‘साताऱ्यात’ होते. ‘मुंबई’ला नुसता प्रत्यय जोडला तरी चालते. ‘आपण सातारामध्ये किती वर्षे राहता?’ असे यंत्राने विचारले की अर्थ कळतो, परंतु आपल्याशी कोणी परका बोलत आहे असे वाटते. व्यक्तीचे नाव गुंफावयाचे तर क्रियापदालाही लिंग आणि आदर सांभाळावा लागतो. ‘वसंत शाळेत जातो का?’ हा प्रश्न नातवाविषयी योग्य. त्याच नावाच्या आजोबांविषयी ‘वसंतराव कामावर जातात का?’ असेच विचारले पाहिजे. म्हणजे नावापूर्वी नाते, वय व लिंग विचारणे ओघानेच आले. परभाषेतील प्रश्नावलीचे नुसते शब्दांतर करणाऱ्यांची फजिती होते ती बहुधा येथेच. यावर साधा उपाय म्हणजे नाव विभक्तीत न घालता वेगळे लिहावे : ‘गाव : सातारा. तेथे आपण किती वर्षे राहता?’ वाक्य थोडे रुक्ष होते, पण बिघडत नाही.

याहून अवघड प्रसंग येतो तो त्याच माणसाकडे काही महिन्यांनी पुन्हा जावे लागते तेव्हा. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात कुटुंबाचे उत्पन्न आणि त्याला मिळणारे शासकीय साहाय्य यांची नोंद होई. प्रगणक दर चार महिन्यांनी येऊन मागील चार महिन्यांची महिनेवार हकिगत विचारी. नोकरी लागणे किंवा साहाय्य थांबणे या घटना कोणत्याही महिन्यात घडू शकतात. तक्त्यांत मात्र त्या दोन भेटींच्या सांध्यावर विलक्षण दाटीने जमलेल्या आढळत. एका भेटीतल्या चार महिन्यांच्या आत फारसा बदल दिसत नसे. कारण उघड आहे. माणूस आजची स्थिती आठवतो व तीच चारही महिन्यांना लावतो. पुढच्या भेटीत तो निराळी स्थिती सांगतो आणि दोन्हींतला सगळा फरक सांध्यावर येऊन पडतो. यास सांधा-परिणाम म्हणता येईल. कुटुंबे साहाय्यावर किती काळ अवलंबून राहतात, हे अशा आकड्यांवरून ठरविणाराची फसगत होणे अटळ होते.

ब्रिटनमध्ये १९९१ पासून तीच ती कुटुंबे दरवर्षी पाहणाऱ्या सर्वेक्षणात ही अडचण निराळ्या रूपाने दिसली. एखादा मनुष्य एका वर्षी ‘कारखान्यात कामाला’ असे सांगे, तर पुढील वर्षी ‘यंत्रांवर देखरेख’ असे. काम तेच, परंतु वर्गवारीचे क्रमांक दोन, म्हणून कागदोपत्री त्याने व्यवसाय बदललेला असे. तेव्हा प्रगणकाने मागचे उत्तर सोबत नेऊन ते वाचून दाखवावे, ही रीत अमेरिकेत २००४ पासूनच्या फेऱ्यांत वाढविण्यात आली व ब्रिटनमध्ये २००६ पासून स्वीकारली गेली.

परंतु मागचे उत्तर वाचून दाखविणे म्हणजे ते एका परीने सुचविणेच होय. ‘गेल्या वेळी आपण सुतारकाम करता असे सांगितले होते, अजून तेच करता ना?’ या प्रश्नास ‘हो’ म्हणणे फार सोपे असते. कंटाळलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो, आणि खोट्या बदलाच्या जागी खोटे स्थैर्य येऊन बसते. येथे त्या ‘ना’नेच घात केला. ‘अजून तेच करता, की त्यात काही बदल झाला?’ असे विचारले तर दोन्ही दारे सारखीच उघडी राहतात. मजुरीच्या रकमेसारखे जे दर वेळी बदलते, त्याबाबत आणखी सावध असावे लागते. तेथे प्रश्न प्रथम कोरा विचारावा, आणि नवे उत्तर जुन्याशी फारच विसंगत असेल तरच जुने पुढे करून खुलासा मागावा.

आणखी एक गोष्ट केवळ अचूकपणाची नाही. गेल्या वेळी थोरल्या सुनेने एकटीने आपली शिलाईची मिळकत सांगितली असेल आणि आज दारी सासरे आले, तर तो आकडा त्यांच्यासमोर उच्चारण्याचा अधिकार प्रगणकास कोणी दिला? घरातील ऑनलाईन अर्ज एकाच मोबाईलवर सर्वांनी भरावयाचा असेल, तर हा प्रश्न प्रगणकाविनाही उभा राहतो. म्हणून ज्याचे उत्तर, त्यालाच ते दाखवावे.

भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा आरंभ १९५० मध्ये झाला. त्याच परंपरेतील नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ मध्ये सुरू झाले, आणि शहरांतील निवडक कुटुंबांकडे प्रगणक चार वेळा जाऊ लागले. जानेवारी २०२५ पासून ग्रामीण कुटुंबेही या चार भेटींच्या चक्रात आली असून भेटी लागोपाठच्या चार महिन्यांत होतात. महिन्याभरापूर्वी ‘रोजगार नाही’ असे सांगणाऱ्या तरुणाला दुसऱ्या भेटीत तोच प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो, यावर त्या महिन्याचा त्याचा रकाना अवलंबून असतो.