सार्वजनिक वाहतुकीवरील दहशतवादी हल्ले आणि प्रवाशांचा प्रतिसाद

रेल्वे, बस यांसारख्या सार्वजनिक वाहनांवर दहशतवादी हल्ला झाल्यानंतर सामान्य लोक कसे वागतात, हा मानसशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही शाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्रात या संदर्भात सर्वाधिक चर्चा झाली ती ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांची.

स्फोटांनंतरचे तास

त्या मंगळवारी सायंकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत चर्चगेटहून निघालेल्या सात लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली व मीरा रोड या स्थानकांच्या परिसरात हे स्फोट घडले. त्यांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तर जखमींची संख्या ८०० च्या आसपास होती.

पहिली मदत पोहोचवली ती बचावलेल्या सहप्रवाशांनी आणि रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी. घरातील चादरींची झोळी करून जखमींना रस्त्यापर्यंत आणण्यात आले आणि मिळेल त्या रिक्षा, टॅक्सी वा खासगी वाहनातून रुग्णालयात हलवण्यात आले. हे रहिवासी बहुतांशी झोपडपट्टीतले होते, तर स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले होते. एरवी या दोन वर्गांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. मोबाइल सेवा कोलमडल्यामुळे नातेवाइकांचा शोध घेणे कठीण झाले. गाड्या बंद पडल्याने हजारो लोक पायी घरी निघाले. वाटेत अनेक ठिकाणी नागरिकांनी त्यांना पाणी व बिस्किटे दिली, वाहनचालकांनी अनोळखी लोकांना गाडीत घेतले. रुग्णालयांत रक्तदात्यांच्या रांगा लागल्या.

घबराटीत माणूस केवळ स्वतःचा विचार करतो, या रूढ समजुतीशी हे वर्तन जुळत नाही. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांतून वाचलेल्या प्रवाशांचा अभ्यास करणारे जॉन ड्रुरी व त्यांचे सहकारी अशाच निष्कर्षाला आले. संकट सर्वांवर सारखेच ओढवले आहे, या जाणिवेतून अनोळखी लोकांमध्ये तात्पुरती आपुलकी निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

‘मुंबई स्पिरिट’ आणि त्यावरील टीका

रेल्वेसेवा काही तासांतच सुरू होऊ लागली आणि १२ जुलैच्या सकाळी प्रवासी पुन्हा लोकलमध्ये चढले. प्रसारमाध्यमांनी याला ‘मुंबई स्पिरिट’ असे नाव दिले. जुलै २००५ च्या महापुरानंतरही हेच शब्द वापरले गेले होते. मात्र पोट हातावर असलेल्या माणसाला घरी बसणे परवडत नाही, आणि विरार किंवा बोरिवलीहून दक्षिण मुंबईत वेळेवर पोहोचण्याचे दुसरे परवडणारे साधन नाही. तेव्हा नाइलाजाला धैर्य म्हणणे म्हणजे शासनाला जबाबदारीतून मोकळे करणे होय, अशी टीका झाली. ही टीका रास्त आहे. परंतु रुळांवर धावून आलेल्या रहिवाशांवर कसलीच सक्ती नव्हती, हेही तितकेच खरे. परतीचा प्रवास आणि मदत या दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली आणल्याने हा वाद बराच गोंधळाचा झाला आहे.

नाइलाजाच्या मुद्द्याला संशोधनाचा काहीसा आधार मिळतो. इस्रायलमधील बसवरील हल्ल्यांचा अभ्यास करताना गॅरी बेकर व योना रुबिनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले, की हल्ल्यांनंतर अधूनमधून बसने जाणाऱ्यांनी प्रवास कमी केला. नेहमीच्या प्रवाशांमध्ये तसा लक्षणीय बदल दिसला नाही. मुंबईबाहेरही पर्यायाचा हा प्रश्न लागू पडतो. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा व शेगाव ही स्थानके मुंबई–हावडा मार्गावर असली, तरी खुद्द बुलढाणा शहर, चिखली व मेहकर येथे रेल्वे नाही. तेथील ज्या प्रवाशाकडे स्वतःचे वाहन नाही, त्याने धास्ती वाटली म्हणून एसटी सोडली तर जायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

प्रवास सुरू राहिला म्हणजे भीती गेली असे नव्हे. लंडनमध्ये स्फोटांनंतर दोन आठवड्यांच्या आत झालेल्या पाहणीत सुमारे ३१ टक्के लोकांनी लक्षणीय मानसिक ताण जाणवत असल्याचे, तर ३२ टक्के लोकांनी प्रवास कमी करण्याचा विचार असल्याचे सांगितले होते.

छत्रपती शिवाजी टर्मिनस, २००८

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात या स्थानकावर ५८ जण मारले गेले. त्यांत लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेले प्रवासी मोठ्या संख्येने होते. विदर्भ एक्सप्रेसने ये-जा करणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील प्रवाशांचेही मुंबईतील स्थानक हेच. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी गोळीबार सुरू असताना आपली जागा न सोडता, प्रवाशांनी मागील बाजूने बाहेर पडावे अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून वारंवार दिली. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. येथे प्रतिसाद उत्स्फूर्त असला, तरी तो रोजच्या कामाच्या सवयीतून आला होता.

खटला

२००६ च्या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ आरोपींना दोषी ठरवले. त्यांपैकी पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. त्यानंतर तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटका झालेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवण्याचा आदेश मात्र दिला नाही.