गाभण शेळीतील प्रसूतिपूर्व लक्षणे : एक विवेचन

प्रस्तावना

अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या अर्थकारणात शेळीपालनास महत्त्वाचे स्थान आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १४.८९ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे १.०६ कोटी शेळ्या होत्या. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी व कोकण कन्याळ या राज्यातील प्रमुख जाती होत. दोन-चार शेळ्यांवर घरखर्च भागविणाऱ्या कुटुंबात विताना एक करडू दगावणे म्हणजे त्या वेताच्या उत्पन्नाचा मोठा भाग गमावणे होय. विण्याची वेळ न ओळखल्यामुळे शेळी नेहमीप्रमाणे चरावयास सोडली जाते आणि माळरानावरच विते. हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात प्रसूतिपूर्व लक्षणांचे विवेचन केले आहे.

गर्भकाळ व नोंदीचे महत्त्व

शेळीचा गर्भकाळ सरासरी १५० दिवसांचा असून तो साधारणतः १४५ ते १५५ दिवसांच्या दरम्यान असतो. शेळी बोकडाला १ जून रोजी दाखविली असल्यास ती २९ ऑक्टोबरच्या सुमारास विणे अपेक्षित असते. तथापि २४ ऑक्टोबरपासूनच तिच्यावर लक्ष ठेवणे इष्ट ठरते. बोकड कळपातच मोकळा राहत असल्यास ही तारीख कळत नाही. म्हणून साध्या वहीतील नोंद हे लक्षणे ओळखण्याचे पहिले साधन मानावे लागते.

शारीरिक लक्षणे

गर्भकाळ पूर्ण होताना शेळीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकविणारे संप्रेरक कमी होते व इतर संप्रेरकांच्या प्रभावाने जन्ममार्ग शिथिल होऊ लागतो. शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपले असता एरवी पेन्सिलीसारखे कडक लागणारे अस्थिबंध मऊ पडतात. ते हाताला लागेनासे झाल्यास शेळी बहुधा २४ तासांच्या आत विते. शेपटीचे मूळ उंच दिसते व भकाळ्या खोल जातात. निरण सुजून सैल पडते. तीतून प्रथम थोडा चिकट स्राव येतो. पुढे तो घट्ट होऊन दोरीसारखा लोंबू लागल्यास प्रसूती जवळ आली असे समजावे.

कास मोठी होणे हे सर्वांस परिचित लक्षण होय, परंतु केवळ त्यावर विसंबून राहता येत नाही. पहिलारू शेळीची कास कित्येक आठवडे आधीच वाढू लागते, तर काही शेळ्यांची कास व्याल्यानंतरच पूर्ण भरते. मात्र कास अचानक ताठ व चकचकीत झाल्यास आणि सड फुगल्यास सावध व्हावे.

वर्तनातील बदल

विण्यापूर्वी शेळी कळपापासून दूर कोपरा धरते. ती पुढच्या पायाने जमीन उकरते, वारंवार उठते-बसते, मागे वळून पोटाकडे पाहते, हळू आवाजात ओरडते व थोडी थोडी लघवी करते. चारा खाणेही कमी होते. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. विण्यास दोन-तीन आठवडे अवकाश असताना शेळीने चारा सोडला व ती मलूल झाली, तर ते प्रसूतीचे लक्षण नव्हे. पोटात दोन किंवा अधिक करडे असलेल्या शेळीत हा गर्भविषबाधेचा आजार असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता पशुवैद्यकास दाखवावे.

प्रत्यक्ष प्रसूती व दक्षता

लक्षणे दिसताच शेळीस कोरड्या, स्वच्छ व आडोशाच्या जागी ठेवावे. सर्वसाधारण प्रसूतीत प्रथम पाणमोट, नंतर पुढील दोन खुर व त्यांवर टेकलेले तोंड दिसते. जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात काहीच प्रगती न झाल्यास, अथवा केवळ शेपूट किंवा एकच पाय दिसल्यास, ओढाताण न करता पशुवैद्यकास बोलवावे. जन्मलेल्या करडाचे नाक-तोंड पुसून नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे व पहिल्या तासातच चीक पाजावा. जार १२ तासांत न पडल्यास उपचार करून घ्यावेत. काही संसर्ग माणसासही होत असल्याने जार उघड्या हाताने हाताळू नये व तो खोल पुरावा.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कोणतेही एक लक्षण स्वतंत्रपणे निर्णायक मानता येत नाही. नोंदविलेली तारीख, शेपटीजवळील अस्थिबंध, स्राव व वर्तन यांचा एकत्रित विचार केल्यास प्रसूतीचा अंदाज पुरेशा खात्रीने बांधता येतो. अनेक घरांत शेळ्यांची देखभाल स्त्रियाच करतात. त्यामुळे हे ज्ञान प्रशिक्षणवर्गांतून त्यांच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. त्यासाठी खर्च अत्यल्प असून त्यातून वाचणारे प्रत्येक करडू त्या कुटुंबाच्या मिळकतीत थेट भर घालणारे ठरते.