विश्लेषण : उत्तरपत्रिका संगणकावर आल्या, तरी निकाल का रखडले?

मुंबई विद्यापीठाने २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घेतला. निकाल लवकर लागावेत, हा हेतू. प्रत्यक्षात काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. आज विद्यापीठे एकामागून एक नव्या संगणक प्रणाली आणत आहेत. त्यामुळे त्या गोंधळाचा धडा अजूनही महत्त्वाचा आहे.

नेमके काय घडले?

४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, असा हा पसारा होता. कायद्यानुसार परीक्षेनंतर ४५ दिवसांत निकाल लागणे अपेक्षित असते. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. पदव्युत्तर आणि परदेशातील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा फटका बसला. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आले.

मग तंत्रज्ञान चुकीचे होते का?

नाही. या पद्धतीत उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, पाने स्कॅन होतात, परीक्षक पडद्यावर गुण देतात आणि बेरीज संगणक करतो. बेरजेच्या चुका टळतात, गठ्ठ्यांची ने-आण वाचते. अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका आधीपासूनच अशा तपासल्या जात होत्या. पुढेही विद्यापीठाने ही पद्धत सुरू ठेवली.

सांगड कुठे तुटली?

उद्दिष्ट होते वेळेत निकाल. पण उत्तर वाचून गुण देण्याचे काम शेवटी शिक्षकच करतो. तिथे संगणक फारसा वेळ वाचवत नाही. उलट स्कॅनिंगचा नवा टप्पा वाढला. परीक्षा सुरू झाल्यानंतर कंत्राट दिले गेले, त्यामुळे चाचणी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला वेळच उरला नाही. एका शाखेचा अनुभव थेट सर्व शाखांना लावला गेला.

इतर विद्यापीठांनी काय पाहावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची नोंद ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये ठेवली जाते. प्रवेश, शुल्क, हजेरी, परीक्षा असे सारेच ऑनलाइन होत आहे. अशा वेळी निविदा काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारायला हवेत. नेमकी अडचण कोणती? ती कोणत्या टप्प्यावर आहे? प्रणाली वापरणारे शिक्षक आणि कर्मचारी तयार आहेत का? ती बंद पडली तर पर्याय काय?

आधी एका विभागात चाचणी, मग विस्तार, हा मार्ग संथ वाटतो. पण किती संगणक घेतले यापेक्षा विद्यार्थ्याच्या हातात गुणपत्रिका किती दिवसांत पडली, हेच यशाचे खरे माप आहे.