मत्स्यन्याय आणि मत्स्यपेटी
राजारामपुरीतील एखाद्या घरी काचेच्या मत्स्यपेटीत मासे दाटीने ठेविले, की काही दिवसांनी त्यांची संख्या घटते. मृत मासा मात्र दृष्टीस पडत नाही. अशा वेळी ‘मत्स्यन्याय’ हा शब्द सहज आठवतो. दंडाच्या अभावी बलवान दुर्बलास ग्रासतो, या अर्थी कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त तो योजिला आहे. गप्पी मासे स्वतःची पिल्लेही गिळतात, हे खरे. तथापि पुष्कळदा मृत्यू आधी येतो व भक्षण मागून होते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. दाटीत त्याचे रूपांतर करणारे जीवाणू अपुरे पडतात, दुर्बल मासा विषबाधेने मरतो आणि इतर मासे त्याचे कलेवर फस्त करितात. रूढ शब्द भक्षकास दोषी ठरवितो. दोष दाटीचा असतो.