द आधी, मग ध

तात्या गेले, आणि दुसऱ्याच दिवशी चौकात फलक लागला. फोटो छान निवडला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रध्दांजली'. ज्या माणसाने उभं आयुष्य लोकांच्या मजकुरातला 'ध्द' खोडून तिथे 'द्ध' लिहिला, त्याच्याच फोटोखाली तो 'ध्द' होता. मला ते फार लागलं.

१९८३ साली मी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. आधीची चार वर्षं कारकुनीत गेली, त्यांतलं काही आठवावंसं वाटत नाही. छापखान्यातली पुढची दहा वर्षं मात्र अजून कानात आहेत. कानात अशासाठी, की आमचं काम ऐकण्याचं होतं. तात्या मूळ प्रत मोठ्याने वाचत आणि मी ओल्या शाईच्या गॅली प्रुफावर नजर ठेवून असे. शब्दांबरोबर ते विरामचिन्हंही वाचत. 'स्वल्पविराम', 'अवतरण सुरू', 'अवतरण पूर्ण', 'नवा परिच्छेद'. नुसता डोळा सवयीने पुढे पळतो, कान त्याला थांबवतो. चूक सापडली की समासात खूण, शब्द राहिला असेल तर हंसपद. मग दुसरं प्रूफ, मग पानाचं प्रूफ.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम तात्यांना तोंडपाठ होते, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व का, हे ते नव्या मुलाला न कंटाळता समजावत. जुन्या वळणाचे लेखक 'नांव', 'कांहीं' लिहीत. ते अनुस्वार काढण्याआधी तात्या त्यांना एक पोस्टकार्ड टाकत. दुसऱ्याच्या मजकुराला हात लावताना विचारायचं असतं, हे मी तिथे शिकलो.

लेखकांनाही शिस्त होती. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, समास सोडायचा, पानांवर क्रमांक घालायचे. कारण पानं दोन-तीन कंपोझिटरांत वाटली जात. खिळ्यांच्या जुळणीत मध्येच एक शब्द वाढला, तर परिच्छेद संपेपर्यंत ओळी पुन्हा जुळवाव्या लागत. त्यामुळे माणूस वाक्य आधी मनात पुरं करी, मग कागदावर उतरवी.

संगणक आला. खिळे गेले ते बरंच झालं, शिशात हात घालून कंपोझिटरांनी आयुष्यं काढली होती. पण १९९४ साली एका प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थापकांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "आता चुका यंत्र दाखवेल, वाचायला माणसं कशाला?" खिळे जाणं आणि वाचणारा जाणं यांचा काही संबंध नव्हता. तो त्यांनी लावला, पगार वाचवण्यासाठी. हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आज लिहितो. 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. 'महिला दीन' छापलं गेलं, तर नुसते शब्द तपासणारं यंत्र काय दाखवणार? पुढे लेखक स्वतःच टंकू लागले, तेव्हा मूळ प्रत आणि प्रूफ एकच झालं. ताडून पाहायला काही उरलंच नाही.

नंतरच्या वीस वर्षांत फाँट बदलले, युनिकोड आलं, माझी नोकरी संपली. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' टेबलावर राहिला. २०१७पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोललेलं आपोआप लिहून येतं. हात थरथरणाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली, पण लोक बोलतात आणि न वाचताच पाठवतात. आमच्या सोसायटीच्या सूचनेत पूर्णविराम नसतो. पाणी मंगळवारी बंद की मंगळवारपासून, हे विचारायला गेल्या महिन्यात सात जण खाली उतरले. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचलं असतं, तर अर्धं मिनिट लागलं असतं.

तात्यांच्या मुलाची परवानगी घेऊन मी फलक छापणाऱ्याकडे गेलो. विशीतला मुलगा होता. त्याने पडद्यावर शब्द मोठा केला आणि म्हणाला, "काका, द पण आहे, ध पण आहे. मग चुकलं काय?"

मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि पावतीच्या मागे शब्द फोडून लिहिला. द् अर्धा, आधी. ध पूर्ण, नंतर. मोठ्याने म्हणायला लावलं. तो दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा हळू म्हणाला आणि कळफलकाकडे वळला. संध्याकाळी फलक बदलला होता.