‘हे कॉलेज कुठे आलं?’

दरवर्षी मार्च संपत आला की माझा फोन वाजू लागतो. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ही बाई मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजात तेहतीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवत होती, हे आपल्या मंडळातल्या लोकांच्या लक्षात आहे. प्रवेशाची पत्रं हाती आलेली असतात, १ मेपर्यंत निर्णय कळवायचा असतो आणि घरात दोन तट पडलेले असतात.

“मावशी, मुलीला बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी करायचंय. मोठ्या युनिव्हर्सिटीत मिळालंय, आणि एका छोट्या कॉलेजातही. ती म्हणते, छोट्यातच जाणार. पण त्या कॉलेजचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. उद्या गणपतीत कुणी विचारलं, ‘हे कॉलेज कुठे आलं?’ तर काय सांगायचं?”

या प्रश्नाला मी हसत नाही. तो मीही विचारला आहे, आणि तोही माझ्या स्वतःच्या मुलाला. ती गोष्ट पुढे सांगते. आधी छोटं कॉलेज म्हणजे काय, ते पाहू.

आपल्याकडे कॉलेज म्हटलं की ते कुठल्या तरी विद्यापीठाला जोडलेलं असतं. अभ्यासक्रम तिथून येतो, परीक्षाही तिथूनच. इथलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज स्वतंत्र असतं आणि पदवी स्वतःच देतं. विद्यार्थी साधारण दीड-दोन हजार. एक गोष्ट मात्र तिथे बहुधा नसते, ती म्हणजे पीएच.डी.चे विद्यार्थी. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या नामवंत प्राध्यापकाची प्रयोगशाळा चालते ती पीएच.डी. आणि पोस्टडॉक करणाऱ्यांच्या बळावर. अंडरग्रॅज्युएट मुलाला तिथे जागा मिळतेही, पण रांगेत शेवटची. माझ्याकडे असे हात नव्हतेच. माझं संशोधन पुढे सरकायचं तर ते एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनीच करायला हवं होतं. म्हणून त्यांना शिकवणं ही माझीच गरज होती.

चार वर्षांचा क्रम दोन्हीकडे बराचसा सारखाच असतो. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी. तिसऱ्या वर्षी खरी बायोकेमिस्ट्री, म्हणजे प्रथिनं, एन्झाइम्स, पेशीतली ऊर्जेची देवघेव, आणि तिच्याबरोबर थोडी फिजिकल केमिस्ट्री. चौथ्या वर्षी प्रबंध किंवा प्रकल्प. पुस्तकंही तीच. फरक असतो तो प्रयोगाच्या टेबलाशी.

मी कोल्हापूरला बी.एस्सी. केलं, १९७१ साली. आमचे शिक्षक उत्तम होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं. टायट्रेशनचं रीडिंग चुकलं तर शेजारणीच्या जर्नलमध्ये डोकावायचं, आकडा जुळवायचा आणि सही घ्यायची. जुळत नसलेला आकडा काही सांगत असेल, हे मला अमेरिकेत पीएच.डी. करताना कळलं, आणि तेही वर्षभर रडल्यावर.

आता माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल. शेतकऱ्याची मुलगी, घरातून कॉलेजला येणारी पहिलीच. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे संशोधनाला आली. एका एन्झाइमचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातलेलं होतं. त्याच्याकडून ते एन्झाइम बनवून घ्यायचं आणि शुद्ध करायचं, एवढंच काम. जिवाणू ३७ अंशांवर वाढवायचे, आयपीटीजी नावाचं रसायन घालून त्यांना एन्झाइम बनवायला लावायचं, पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या आणि वरचा निवळ द्राव कॉलममधून सोडायचा. निकेलच्या कॉलमला आपलं प्रथिन चिकटायला हवं. तिचं चिकटेना. तीन आठवडे कॉलममधून हाती काही येईना. तिने कॉलम बदलला, सगळे बफर नव्याने केले. पुन्हा शून्य.

काय बिघडलं असावं याचा मला पहिल्याच आठवड्यात अंदाज आला होता. मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तिच्याशेजारी उभी राहून एवढंच विचारत होते, “मग प्रथिन गेलं कुठे?”

चौथ्या आठवड्यात तिने फेकून द्यायचा गाळ फेकला नाही. नळीच्या तळाशी बसलेला तो गाळही तिने जेलवर चालवला. निळा रंग चढवल्यावर जाडजूड पट्टा दिसला तो गाळाच्याच रांगेत. प्रथिन तयार होत होतं, पण घाईघाईत. त्याला नीट घडी पडायला वेळच मिळत नव्हता, म्हणून गोळा होऊन तळाशी बसत होतं. ती रात्रभर वाचत बसली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, “थंड करून बघू का?” आयपीटीजी घातल्यावर तिने तापमान १८ अंशांवर आणलं आणि जिवाणूंना रात्रभर सावकाश काम करू दिलं. पुढच्या जेलवर तो निळा पट्टा निवळ द्रावात आला होता. ती जेलची काचेची थाळी तशीच हातात धरून कॉरिडॉरमधून पळत आली.

ही काही मोठी शोधाची गोष्ट नाही. हा उपाय या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पण तिला तो माहीत नव्हता आणि तो तिने शोधला. कुणीतरी तिला महिनाभर चुकू दिलं, आणि चुकताना एकटं सोडलं नाही. माझ्या मते बायोकेमिस्ट्रीचं शिक्षण म्हणजे हेच.

अशा कॉलेजांतून पुढे काय होतं? टॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे. आरएनए स्वतः रासायनिक क्रिया घडवू शकतो, या शोधासाठी त्यांना १९८९ चं नोबेल विभागून मिळालं. पीटर आग्रे मिनिआपोलिसच्या ऑग्सबर्ग कॉलेजचे. पेशीत पाणी जाण्याच्या वाटा त्यांनी शोधल्या, २००३ चं नोबेल. जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. तिथल्या प्राध्यापिका शॅरन पॅनासेंको यांच्या प्रयोगशाळेत त्या विद्यार्थिनी म्हणून जिवाणूंवर काम करत होत्या. पुढे हार्वर्डला पीएच.डी. आणि त्यानंतर पोस्टडॉक केलं ते याच टॉमस चेक यांच्याकडे. जनुकात नेमका बदल करणाऱ्या क्रिस्परच्या कामासाठी २०२० चं नोबेल त्यांना इमान्युएल शार्पांतिए यांच्याबरोबर मिळालं.

नोबेलच्या नावांनी काही सिद्ध होत नाही, हे मी जाणून आहे. मोठ्या विद्यापीठांची यादी याहून लांब आहे. नावं सांगितली ती एवढ्याचसाठी की छोट्या कॉलेजातून वाट बंद होत नाही.

आता माझ्या मुलाची गोष्ट. लहानपणी शनिवारी तो माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचा, पिपेटच्या टिपांचे डबे भरून द्यायचा. बारावीनंतर त्याला बायॉलॉजीच करायची होती. माझ्या कॉलेजसारख्याच एका कॉलेजात चांगल्या स्कॉलरशिपसह प्रवेश मिळाला होता, आणि एका नामांकित युनिव्हर्सिटीतही. दर शरद ऋतूत भेटीला येणाऱ्या पालकांना छोट्या कॉलेजचे फायदे सांगणारी मी, त्याला म्हणाले, “नाव जन्मभर कामाला येतं. ते कॉलेज कुणाला माहीत आहे?”

तो गेला. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या वर्गात चारशे मुलं. त्याने नऊ प्रयोगशाळांना पत्रं लिहिली, दोघांनी उत्तर दिलं, एकाने काचसामान धुवायचं काम दिलं. सुरुवात म्हणून त्यात काही वाईट नाही. पण वर्षभराने तो तेच काम करत होता. ऑरगॅनिकमध्ये सी आला, तेव्हा काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. त्याच सुमारास मी रात्री नऊपर्यंत दुसऱ्यांच्या मुलांशेजारी उभी राहून विचारत होते, “मग प्रथिन गेलं कुठे?”

तिसऱ्या वर्षी त्याने इकॉनॉमिक्स घेतलं. आज चाळिशीत आहे, चांगलं चाललं आहे, माझ्यावर राग नाही. कदाचित त्याने बायॉलॉजी तशीही सोडली असती. पण जे मी रोज डोळ्यांनी पाहत होते, त्यापेक्षा लोक काय म्हणतील यावर मी जास्त विश्वास ठेवला. ते मला अजून टोचतं.

म्हणून छोटंच बरं, असं मी सांगणार नाही. छोट्या कॉलेजात उणिवाही असतात. महागडी यंत्रं नसतात. एखादा कोर्स एक वर्षाआड असतो, तो चुकला की वेळापत्रक कोलमडतं. विषय शिकवणारे तीन-चारच जण, त्यातला एक रजेवर गेला की पंचाईत. आपल्यासारखी दिसणारी मुलं कमी, भाजी-पोळी तर विसराच. ज्या मुलाला स्वतःहून दारं ठोठावता येतात आणि नकार पचवता येतो, त्याला मोठ्या ठिकाणी फार मोठं जग मिळतं.

तेव्हा नाव बाजूला ठेवा आणि कॉलेज पाहायला जाल तेव्हा हे विचारा. बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापकांबरोबर सध्या किती विद्यार्थी संशोधन करतात? त्यांच्या शोधनिबंधांवर विद्यार्थ्यांची नावं आहेत का? उन्हाळ्यात कामाचे पैसे मिळतात का? बायोकेमिस्ट्रीचा दुसरा भाग दरवर्षी असतो का? लॅब दाखवतील तेव्हा एखाद्या यंत्राकडे बोट करून विचारा, “हे शेवटचं कुणी वापरलं?” उत्तरात एखाद्या विद्यार्थ्याचं नाव आलं तर समजा, ठिकाण बरं आहे.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी. छापील फी पाहून घाबरू नका. खरा खर्च किती पडेल याचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर कॉलेजच्या वेबसाइटवर असतो, तो आधी भरून पाहा. दुसरं, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर मोठ्या विद्यापीठांत उन्हाळी संशोधनाचे कार्यक्रम चालतात. छोट्या कॉलेजच्या मुलांना मोठी यंत्रं हाताळायची संधी तिथे मिळते. मात्र ते नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठीच असतात. एच-४ वर असलेल्या मुलांच्या पालकांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

डॉक्टर व्हायचं असलं तरी हा विषय वाया जात नाही. २०१५ पासून एमकॅट परीक्षेत बायोकेमिस्ट्रीला चांगलं वजन आहे. आणि मेडिकल स्कूलला शिफारसपत्र लिहिताना, जिने तुमच्या मुलीला चार आठवडे हरताना पाहिलं आहे, तिला लिहायला पुष्कळ असतं.

आणि गणपतीत कुणी विचारलंच, ‘हे कॉलेज कुठे आलं?’ तर उत्तर तुम्ही देऊ नका. मुलीला देऊ द्या. ती गावाचं नाव सांगून थांबली तर थोडी काळजी करा. पण ती आपल्या प्रथिनाबद्दल बोलू लागली आणि ताटातली पुरणपोळी गार होईपर्यंत थांबली नाही, तर पुढच्या मार्चमध्ये मला फोन करायची गरज नाही.