वेगवान गोलंदाजाची कंबर

१ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि रणजी करंडक प्रथमच आपल्याकडे आला. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भाचा संघ ही स्पर्धा खेळत होता. म्हणजे साठ वर्षे वाट पाहिली. माझ्या पिढीला तर सामना अनिर्णित राहिला तरी पेढे वाटावेसे वाटत. त्या हंगामात कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात रजनीश गुरबानी याने दुसऱ्या डावात कर्नाटकाचे सात गडी बाद केले आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली. मग काय विचारता! आमच्या तालुक्याच्या मैदानावर त्या जानेवारीत फलंदाजीला कोणी तयार होईना. सगळीच पोरे चेंडू घेऊन लांबून धावत येऊ लागली.

त्यांपैकीच एक पंधरा वर्षांचा मुलगा त्याच महिन्यात वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आला. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा, उंच, हडकुळा. कमरेत डावीकडे तीन आठवड्यांपासून दुखत होते. वडील म्हणाले, ‘‘डाक्टरसाहेब, परवा सिलेक्शन हाये. दोन दिवस ढकलून द्या बाप्पा, मंग पाहू.’’ मी कंबर दाबून पाहिली, उसण भरली असावी असे ठरवले, वेदनाशामक इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि पाठीवर थाप मारली. मुलगा निवडीला गेला. चार-पाच षटके टाकली आणि टाच टेकताच मैदानावर खाली बसला, तो दोघांच्या खांद्यावर हात टाकूनच घरी आला.

एक्स-रे काढला, तो स्वच्छ! अस्थिरोगतज्ज्ञांनी नागपूरला एम.आर.आय. करायला लावला. कमरेच्या पाचव्या मणक्याला डाव्या बाजूस बारीक चीर गेलेली होती. ती तीन आठवडे हळूहळू तयार होत होती आणि तिची सूचना देणारी एकच गोष्ट मुलाजवळ होती, ती म्हणजे दुखणे. ती मी इंजेक्शनने बंद केली. हे आज इतक्या वर्षांनी लिहितानाही बरे वाटत नाही. पण त्यानंतर ‘फक्त सामन्यापुरते’ इंजेक्शन मागणारे पालक इतके आले, की लिहिणे भाग आहे.

ही चीर पडून वा मार लागून होत नाही. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या अनेक पट जोर त्या पायातून कमरेत चढतो. त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा हा भार डाव्या बाजूच्या मणक्यावर येतो, डावखुऱ्याचा उजव्या. म्हणून दुखणे बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हापुन्हा वाकवत राहिलो तर तुटते. हाडाला मधे विश्रांती मिळाली तर ते झीज भरून काढते, नाही मिळाली तर चिरते. कमरेच्या मणक्यांचे हाड विशीनंतरही काही वर्षे पक्के होत असते. तेव्हा पंधराव्या वर्षी मिसरूड फुटले, उंची सहा फूट झाली, म्हणजे मणकाही मोठ्या माणसाचा झाला असे नव्हे. उलट उंची झपाट्याने वाढत असते तेच दिवस जास्त नाजूक.

जसप्रीत बुमराहलाही २०१९ मध्ये कमरेच्या अशाच दुखापतीमुळे संघाबाहेर बसावे लागले होते. पण रणजी संघातल्या गोलंदाजाने आज किती षटके टाकली, काल किती, सरावात किती, हे पाहायला तिथे फिजिओ आणि प्रशिक्षक असतात. आपला पोरगा सकाळी क्लबच्या सरावाला जातो, दुपारी शाळेच्या सामन्यात, रविवारी टेनिस चेंडूच्या स्पर्धेत, आणि उन्हाळ्यात पहाटेच्या शिबिरात. प्रत्येक ठिकाणचे सर म्हणतात, ‘‘माझ्याकडे फार टाकत नाही तो.’’ खरेच आहे त्यांचे. बेरीज कोणीच करत नाही.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने शाळकरी वेगवान गोलंदाजांसाठी कित्येक वर्षे एक मर्यादा सांगितली आहे. तेरा वर्षांखालील मुलाने एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटके टाकावीत. चौदा-पंधरा वर्षांखालील गटांत हे आकडे सहा आणि बारा, सोळा-सतरा वर्षांखालील गटांत सात आणि अठरा. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी नको, आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त तर नकोच. आमच्या त्या मुलाचा हिशोब मी नंतर त्याच्याकडूनच काढला, तर निवडीच्या आधीच्या पंधरवड्यात एकही दिवस सुट्टीचा नव्हता.

इथे हमखास कोणीतरी उमेश यादवचे उदाहरण देतो. खापरखेड्याचा कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, कुठे होता त्याला फिजिओ? बरोबर. पण उमेश टेनिस चेंडूवर खेळत मोठा झाला, आणि मोसमी क्रिकेटचा कातडी चेंडू त्याच्या हाती विशीच्या आसपास आला. २००८ साली तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. उशीर झाल्यामुळे त्याची कंबर वाचली असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. बाराव्या वर्षापासून ऊर फुटेस्तोवर टाकल्याशिवाय कसोटीपर्यंत जाता येत नाही, ही समजूत मात्र त्याच्याकडे पाहून सोडून द्यावी.

पालकांनी काय ओळखायचे? कमरेत एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे. गोलंदाजी करताना वाढते, रात्री झोपून कमी होते, दुसऱ्या दिवशी मैदानात पुन्हा येते. मुलाला एका पायावर उभे करून पाठ मागे वाकवायला सांगा. त्याच जागी कळ आली तर त्या दिवसापासून गोलंदाजी बंद, आणि तज्ज्ञाकडे जायचे. साधा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीची चीर त्यात बहुधा दिसत नाही. पायाला मुंग्या येणे, बधिरपणा, लघवीची तक्रार, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर प्रकरण वेगळे असू शकते, तिथे एक दिवसही थांबू नये.

शेकण्याने, मलमाने बरे वाटते, त्याला माझी हरकत नाही. पण त्याने हाड सांधत नाही. कंबर ‘बसवून’ देणाऱ्याकडे मात्र कृपा करून नेऊ नका. उपाय आहे तो कंटाळवाणा: साधारण तीन महिने गोलंदाजी पूर्ण बंद, पोट-पाठीचे व्यायाम, दूध, तीळ, नाचणी, सकाळचे ऊन, भरपूर झोप, मग चार-सहा पावलांवरून हळूहळू सुरुवात. पूर्ण वेगाने टाकायला सहा ते नऊ महिने लागतात. वेळीच थांबलेले बहुतेक सारे पुन्हा खेळतात. न थांबणाऱ्याला दुसऱ्या बाजूलाही चीर जाऊ शकते, आणि मग मणका पुढे सरकण्याची भीती असते.

आमचा मुलगा आठ महिन्यांनी मैदानात परतला, पण तो वेग काही परतला नाही, की त्याचे मनच परतले नाही, कोण जाणे. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने जामठ्याच्या मैदानावर तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला, तेव्हा तो प्रेक्षकांत होता. हे मला त्याच्या वडिलांनी सांगितले.

त्याचा धाकटा भाऊ आता चौदा वर्षांचा आहे आणि नेमका वेगवान गोलंदाज निघाला आहे. वडिलांनी त्याला दोनशे पानी वही घेऊन दिली आहे. मैदान कोणतेही असो, चेंडू कोणताही असो, षटके वहीत उतरतात. गेल्या सोमवारी ते वही घेऊन आले. रविवारच्या पानावर सकाळचे आठ, दुपारचे नऊ असे लिहिलेले होते. मी सतराच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला. वडील मुलाकडे वळून म्हणाले, ‘‘आता गुरुवारलोक चेंडूले हात नोको लावू, समजलं न?’’